स्टेअरिंग बदललं आणि एअरबॅग गेली, आता रिन्यूअलला काय करू?

निपाणी_पांढरी_गाडी:

नमस्कार मंडळी. जरा अडकलोय म्हणून विचारतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१९ च्या डिसेंबरची, केए-२३ पासिंग, मी तिसरा मालक. आधीच्या मालकाचा तंबाखूचा व्यापार होता, गाडीत अजून वास येतो पावसाळ्यात, पण इंजिन चांगलं म्हणून घेतली. स्टेअरिंगचं रेक्झीन मात्र पार सोलून निघालेलं, उन्हात गाडी लावली आणि परत येऊन हात लावला की बोटांना काळं काळं चिकटायचं, पांढरा शर्ट असला की संपलंच. कव्हर घालून बघितलं, ते फिरायचं हातात.

तर दिवाळीच्या आधी कोल्हापूरला गेलो होतो, तिथं एका ॲक्सेसरीच्या दुकानात खालून चपटं असलेलं लाल शिलाईचं स्टेअरिंग दिसलं. ५ हजार म्हणाला, जुनं ठेवून गेलात तर साडेतीन. मी म्हटलं जुनं घेऊन काय करू, ठेव. अर्ध्या तासात बसवून दिलं. मीटरमध्ये तो माणूस बसलेला आणि पुढं फुगा असलेला लाल दिवा लागला होता तर म्हणाला दोन मिनिटांत घालवतो, खाली वाकून काहीतरी जोडलं आणि दिवा गेला पण. मी खूश.

परवा पुण्याचे दाजी आले होते, गाडीत बसले आणि पहिला प्रश्न, ह्याच्यात एअरबॅग कुठं आहे? मधे बघतोय तर नुसतं हॉर्नचं बटण. खरं सांगतो तोपर्यंत माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं. एअरबॅग स्टेअरिंगमध्येच असते हे माहीत होतं पण ते "जुनं स्टेअरिंग ठेवून गेलो" म्हणजे एअरबॅगच ठेवून गेलो हे जुळवलंच नाही मी.

आता पुढच्या महिन्यात इन्शुरन्स रिन्यूअल आहे. एजंटला विचारलं तर म्हणतो काय सांगू नका, कोण बघतंय. पण रोज कोगनोळी नाक्यावरून कागलला कामाला जातो, बायको पोरगी गाडीत असतात. तर विचारायचं हे की हे कायद्यात बसतं का नाही, कर्नाटकात वेगळं आणि महाराष्ट्रात वेगळं असं काय आहे का, ॲक्सिडेंट झाला तर क्लेम देतील का, आणि स्क्रॅपमधनं त्याच मॉडेलचं एअरबॅगवालं स्टेअरिंग आणून बसवलं तर चालेल का. नवीन कंपनीतलं विचारलं तर आकडा ऐकून फोन ठेवला.

घाटावरचा:

काय होत नाही ओ. मी चार वर्षं झाली बदलून घेटलो, खानापूर ते चोर्ला घाट उतरून गोव्याला किती वेळा गेलो असेन. पोलीस हेल्मेट सीटबेल्ट बघतात, कागद बघतात, स्टेअरिंगच्या पोटात काय आहे ते कोण बघणार. आरटीओत पण कुणी विचारलं नाही. उगीच टेन्शन घेऊ नका, सावकाश चालवा म्हणजे झालं.

उद्यमबाग_पाना:

घाटावरचे, तुमची गाडी कुठली सालची? एअरबॅग होती का मुळात?

निपाणीकर, तुमच्याकडं त्यानं काय केलंय ते सांगतो कारण ही कामं माझ्याकडं उलटी दुरुस्तीला येतात. एअरबॅगचं जे मशीन असतं सीटच्या मधे खाली, हँडब्रेकच्या पुढं वगैरे, ते चावी फिरवली की प्रत्येक एअरबॅगच्या वायरीतनं बारीकसा करंट सोडून बघतं की पुढं पेटवणी, म्हणजे पिशवी फुगवायला ठिणगी देणारा भाग, जोडलेली आहे का. त्या पेटवणीचा रेझिस्टन्स दोन-तीन ओहम असतो. कपलर, म्हणजे वायरीची जोडणी, काढला की त्याला कळतं पुढं कोण नाही, मग तो दिवा लागतो. तुमच्या दुकानदारानं पिवळ्या कपलरात तेवढ्याच ओहमचा एक रेझिस्टन्स खोचलाय. तांदळाच्या दाण्याएवढा असतो, किंमत रुपया दोन रुपये. आता मशीनला वाटतंय एअरबॅग जाग्यावर आहे. धडक बसली तर मशीन हुकूम सोडणार, तो हुकूम त्या दाण्यात जाऊन संपणार.

दिवा लागलेला बरा होता असं माझं म्हणणं. दिवा निदान खरं बोलत होता. आता उद्या गाडी विकलात तर घेणाऱ्याला पण कळणार नाही.

काही जण तर ह्याच्याही पुढं, मीटर खोलून बल्बच काढतात. म्हणून जुनी गाडी बघायला गेलात की इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करायची आणि तो दिवा बघायचा, थोडे सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजायचं कुणीतरी हात घातलाय. रेझिस्टन्सवाली गाडी ह्या परीक्षेत पण पास होते, तिथं खोलूनच बघावं लागतं.

दुसरं म्हणजे स्टेअरिंगच्या मागं क्लॉक स्प्रिंग असते, आम्ही नुसतं केबल म्हणतो, रिबनसारखी पट्टी गुंडाळलेली असते म्हणजे स्टेअरिंग इकडं तिकडं फिरलं तरी हॉर्न आणि एअरबॅगची वायर तुटत नाही. ती मध्यावर धरून बसवायची असते. अर्ध्या तासात काम उरकणाऱ्यानं ती मध्यावर ठेवली असेल ह्याची मी गॅरंटी देणार नाही. एकदा पूर्ण उजवीकडं कापलं की तुटते, मग आधी हॉर्न जातो. हॉर्न कधी वाजतो कधी नाही असं होत असेल तर तेच.

स्क्रॅपमधलं स्टेअरिंग. नुसती रिंग, म्हणजे एअरबॅग सोडून बाकीचं चाक, त्याच मॉडेलचं त्याच सालचं असेल, दांडा वाकलेला नसेल, स्प्लाइन, म्हणजे दांड्यावर बसणारे दाते, झिजलेली नसेल तर मी बसवून देतो, त्यात हरकत नाही. पण एअरबॅगचा डबा स्क्रॅपमधला मी बसवत नाही, कितीही पैसे द्या. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर सांगलीकडं किती गाड्या बुडाल्या आठवतंय ना, छताएवढ्या पाण्यात. त्यांचे पार्ट कुठं गेले? डब्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं की हा चार दिवस पाण्यात होता. तकाता ह्या जपानी एअरबॅग कंपनीचं प्रकरण जगभर झालं ते ह्याच कारणानं, आतल्या अमोनियम नायट्रेटला वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता लागली आणि फुगायच्या वेळी धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे ड्रायव्हरच्या अंगात घुसले. कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. ते तर कंपनीतनं नवे आलेले डबे होते. आपण भंगार बाजारातनं उचललेल्या डब्यावर भरवसा कसा ठेवायचा सांगा.

आणि घरी स्वतः खोलायला जाऊ नका व्हिडिओ बघून. बॅटरीची मायनस काढून थांबायचं असतं, किती वेळ ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं, मशीनच्या पोटात चार्ज राहतो तोवर. आणि काढलेला डबा टेबलावर ठेवताना कव्हर वर करून ठेवायचा. पालथा ठेवला आणि उडाला तर डबाच छताला जातो.

घाटावरचा:

माझी २०१४ ची, बेस मॉडेल. एअरबॅग नव्हतीच तिच्यात.

उद्यमबाग_पाना:

मग तुम्ही गमावलात काय! निपाणीकरांचं आणि तुमचं एक कसं होईल ओ.

कोर्टरोड_बेळगाव:

वकिली करतो म्हणून कायद्याचं तेवढं लिहितो, हा सल्ला नाही, गप्पा समजा.

आधी सीमेचा प्रश्न कारण तो आपल्या भागात प्रत्येक गोष्टीत येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, केंद्राचा आहे. कागलच्या अलीकडं आणि पलीकडं कलमं तीच. तडजोड दंड, म्हणजे कोर्टात न जाता भरून मोकळं व्हायचा दंड, किती लावायचा ते राज्य ठरवतं, त्यामुळं रक्कम इकडं तिकडं होते, चलन कन्नडमध्ये येतं का मराठीत एवढा फरक. केए गाडी आहे म्हणून महाराष्ट्रात सूट किंवा उलटं, असलं काही नाही.

कलम ५२ म्हणतं की कंपनीनं मूळ जे दिलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे अजून घट्ट केलं. आता त्याच कलमाच्या खाली स्पष्टीकरण आहे की बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल ज्यानं तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. त्यामुळं नुसतं स्टेअरिंगचं कव्हर, लेदर शिवून घेणं, असल्याला कुणी कलम ५२ लावलं तर मी आनंदानं भांडेन. लाल शिलाईला कोर्टात कुणी घाबरत नाही.

पण एअरबॅगचं वेगळं आहे. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, एआयएस-१४५ म्हणून मानक आहे त्यात. तुमची गाडी डिसेंबर २०१९ ची. म्हणजे ती एअरबॅग कंपनीनं हौसेनं दिलेली नाही, तिच्याशिवाय ती गाडी विकताच आली नसती. ती काढली म्हणजे गाडी ज्या अटीवर रस्त्यावर आली ती अटच काढली. घाटावरच्यांची २०१४ ची, त्यांना हे लागत नाही, पण माझ्या मते त्यांनी पण स्टेअरिंग नीट बसलंय का बघून घ्यावं, नियम ९८ मध्ये स्टेअरिंगला ३० अंशांपेक्षा जास्त मोकळी फिरकी नको असं आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२-ए आलं, त्याच्या पोटकलम ४ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा दोन्ही. "पार्ट नंतर बसवणं" (रेट्रोफिटिंग) हा शब्दच त्यात आहे. लक्षात घ्या, मालकाला. दुकानदारानं केलं हे उत्तर नाही. दुकानदारावर ग्राहक म्हणून तुम्ही वेगळं जाऊ शकता, एअरबॅग निघतेय हे सांगायची जबाबदारी त्याची होती, बिल आहे का तुमच्याकडं?

पोलीस नाक्यावर पकडतील का, तर खरं सांगायचं तर नाही पकडणार. घाटावरचे बोलले ते तेवढ्यापुरतं बरोबर. ह्या गोष्टी नाक्यावर निघत नाहीत, ॲक्सिडेंट झाल्यावर निघतात. तेव्हा गाडी आरटीओ इन्स्पेक्टरकडं तपासायला जाते आणि समोर कुणाला तरी इजा झालेली असते. आणि माहीत असून सदोष गाडी चालवली ह्याचं कलम वेगळं आहे, १९०. आता दाजींनी सांगितल्यावर तुम्हाला माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

समोरच्या माणसाच्या नुकसानीचं म्हणाल तर थर्ड पार्टीला कंपनीला पैसे द्यावेच लागतात, कलम १५० मध्ये कंपनीला कुठल्या कारणांवर हात वर करता येतात ते मोजून दिलंय, त्यात स्टेअरिंग बदललं असं कारण नाही. पण "महत्त्वाची गोष्ट लपवून पॉलिसी घेतली" हे कारण आहे. म्हणून तुमचा एजंट जे म्हणतोय, काय सांगू नका, ते सगळ्यात वाईट. तो सल्ला देऊन मोकळा, फॉर्मवर सही तुमची.

निपाणी_पांढरी_गाडी:

बिल नाही सर. कार्डावर पेन्सिलनं आकडा लिहून दिलाय, फोन पे केलंय तेवढं आहे.

वाचून पोटात गोळा आला. काल संध्याकाळी गाडी घेतली नाही, एस्टीनं गेलो.

क्लेम_काका:

मी टिळकवाडीत असतो, पंचवीस वर्षं मोटार सर्व्हे केले, म्हणजे विमा क्लेमसाठी ठोकलेल्या गाडीचं नुकसान मोजायचं काम, आता बंद केलंय, गुडघे वाकत नाहीत गाडीखाली जायला. तुमची एस्टी चांगली, चार दिवस त्यातनंच जा.

एक केस सांगतो. ऊस हंगाम चालू होता, वंटमुरी घाटात रात्री एक कार उसाच्या ट्रॉलीला मागनं धडकली. ट्रॉलीला ना रिफ्लेक्टर ना दिवा, आपल्याकडचं नेहमीचं. कार सेकंडहँड, मालकाला वाटायचं सगळं ओरिजिनल आहे. मी गॅरेजात पोचलो तर शेजारच्या सीटची एअरबॅग फुटून लोंबतेय आणि ड्रायव्हरची जाग्यावर. असं सहसा होत नाही. स्टेअरिंगचं मधलं कव्हर बघितलं तर कडेनं फेविक्विकचे पांढरे डाग. मेस्त्रीच्या पोराला म्हटलं काढ. त्यानं स्क्रूड्रायव्हर घातला, टप् करून कव्हर निघालं आणि आत हात घालून तो म्हणतो, "इदराग एनू इल्ल री", म्हणजे ह्याच्यात काहीच नाही. आत जुना कन्नड पेपर बोळा करून कोंबलेला, कव्हर दबू नये म्हणून. आधी कधीतरी ॲक्सिडेंटला एअरबॅग फुटली असणार, कुणीतरी नवीन घालायचे पैसे वाचवले आणि गाडी विकली.

आता क्लेमचं काय झालं. लोकांना वाटतं अख्खा क्लेम गेला. तसं झालं नाही. ट्रॉलीला धडकण्याचं कारण स्टेअरिंग नव्हतं, अंधार होता. बॉनेट, रेडिएटर, लाइट, चासीचं पुढचं टोक, हे मी क्लेममध्ये धरलं. शेजारची एअरबॅग पण धरली, पण पॉलिसी झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी, नव्हती आणि साध्या पॉलिसीत एअरबॅग रबर प्लॅस्टिक बॅटरीच्या रांगेत बसते, ५० टक्के घसारा, गाडी कितीही नवी असो. म्हणजे निम्मे पैसे मालकाच्या खिशातनं. ड्रायव्हरच्या एअरबॅगचा रुपया नाही, कारण जी वस्तू ॲक्सिडेंटच्या आधी गाडीत नव्हतीच तिचं नुकसान कसं भरून देणार? कंपनीनं मग पत्र काढलं की गाडी नीट स्थितीत ठेवायची पॉलिसीची अट मोडली, खुलासा द्या. सहा महिने गेले. मालकानं विकत घेतल्याचे कागद दाखवले, त्याला माहीत नव्हतं हे पटलं, पैसे आले. त्याच्या छातीच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या, त्याचा हिशेब मी केला नाही, तो माझ्या फॉर्मात बसत नव्हता.

तुमची केस ह्याच्यापेक्षा वाईट आहे निपाणीकर. त्याला माहीत नव्हतं, तुम्हाला माहीत आहे आणि इथं लिहून पण ठेवलंय.

क्लेम नाकारतीलच का? ठाम कुणी सांगू नये. कंपनीला अट मोडल्याचं आणि त्या मोडण्याचा नुकसानीशी काय संबंध ते दाखवावं लागतं. गाडी चोरीला गेली तर स्टेअरिंगचा काय संबंध? अट मोडली तरी सगळंच नाकारू नका, कापून द्या, असं कोर्टांनी बऱ्याच वेळा सांगितलंय, ओरिएंटल इन्शुरन्सच्या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं ७५ टक्के द्यायला लावले, ती गाडी भाड्यानं दिलेली होती पॉलिसी खाजगीची असताना. पण आता उलटं बघा, ते लाल शिलाईचं स्टेअरिंगच सटकलं, हब ढिला झाला, गाडी सरळ जाऊन तवंदी घाटाच्या कठड्याला लागली, मग संबंध दाखवायला कंपनीला वकील पण लागणार नाही.

५० हजारांच्या वरच्या क्लेमला लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच आणि आता गाडीचं मशीन स्कॅनरला जोडतात. धडकेच्या वेळी कुठल्या एअरबॅगला हुकूम गेला ते त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं. हुकूम गेलाय आणि पिशवी फुगलेली नाही म्हटल्यावर स्टेअरिंग खोलायला किती वेळ लागतो!

आता करायचं काय. रिन्यूअलच्या आधी गाडी पूर्वीसारखी करा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा बाहेर, पण पार्ट नवीन, बिलावर पार्ट नंबर आणि गाडीचा चासी नंबर. रिंग स्क्रॅपमधली घेतली तर पैसे वाचतात हे पाना म्हणाले ते बरोबर, डबा मात्र नवा. झाल्यावर स्कॅन रिपोर्ट घ्या, चावी ऑन करून दिवा लागून विझतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. रिन्यूअलला उशीर करू नका, एक दिवस जरी मधे गेला तर परत गाडीची तपासणी लागते आणि ९० दिवस गेले तर नो क्लेम बोनस पण गेला. तोपर्यंत काम झालं नाही तर कंपनीला मेल टाका, एजंटला नव्हे, कंपनीला, की स्टेअरिंग बदललेलं आहे, मूळचं अमुक तारखेपर्यंत बसवतोय. लेखी असलेलं बरं. लोक घाबरतात की प्रीमियम वाढेल. अहो म्युझिक सिस्टीम बाहेरनं बसवली तर तिच्या किमतीवर ४ टक्के भरून ती पॉलिसीत घेता येते, आपण ते पण सांगत नाही आणि चोरी झाली की रडतो.

आणि कधी क्लेम नाकारलाच तर एजंटच्या मागं फिरत बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, महिना थांबायचं, मग विमा लोकपाल, कर्नाटकाचं ऑफिस बेंगळुरूत, फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं. नाहीतर बेळगावलाच जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथं दोन वर्षं मुदत.

चंदगड_बेळगाव_फेरी:

काका बोलले त्यात एक भर. माझी गाडी एमएच-०९, रोज बेळगावला येतो. मागच्या वर्षी सुळग्याजवळ समोरनं आलेल्या गाडीनं ठोकलं, चूक त्याची. माझी एअरबॅग फुगली. काय कळलं नाही, आवाज झाला एवढं, पापणी लवायच्या आत फुगून परत बसलेली असते ती. तोंडाला पावडर, चष्म्याची काडी गालात रुतली, मनगटावर भाजल्यासारखं लाल झालं आठ दिवस. आई म्हणाली कसलं हे सोंग काढलंय तोंडाला. पण छातीला काही नाही. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर स्टेअरिंगवर आपटून दोन महिने अंथरुणात.

आणि सीटबेल्ट लावा, एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको म्हणणारे पण आहेत आपल्याकडं. बेल्ट नसला तर माणूस पुढं जाऊन फुगणाऱ्या पिशवीवरच आपटतो, मग तीच मारते.

घाटावरचा:

ठीक आहे बाबांनो, माझं पहिलं लिहिलेलं मागं घेतो. पण एक बोलतो, कंपनी एअरबॅगच्या डब्याचे जेवढे पैसे घेते त्यात जुनी बाईक येईल. लोक स्क्रॅपकडं का जातात त्याला हे पण कारण आहे. सोललेल्या रेक्झीनसाठी अख्खं स्टेअरिंग बदला म्हणतात सर्व्हिस सेंटरवाले, कातडं शिवून देणारा माणूस सांगत नाहीत.

उद्यमबाग_पाना:

ह्याला मात्र होय म्हणतो. शहापूरला सीट कव्हर शिवणारे आहेत, रिंग काढून दिली की हातानं लेदर शिवून देतात, एअरबॅगला हात लागत नाही. निपाणीकरांनी आधी विचारलं असतं तर हजार पंधराशेत काम होतं.

निपाणी_पांढरी_गाडी:

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, काय झालं ते सांगायला.

दुकानात गेलो. आधी ओळख दाखवेना, मग फोन पेचा मेसेज दाखवला आणि वकीलसाहेबांनी लिहिलेलं ते ५ हजारवालं कलम वाचून दाखवलं, तेव्हा मालक बाहेर आला. माझं जुनं स्टेअरिंग विकलंय म्हणाला. कुणाला? कुणीतरी सांगलीकडचा गॅरेजवाला घेऊन गेला. म्हणजे माझी एअरबॅग आता दुसऱ्याच कुणाच्या गाडीत आहे, त्याला तर कुणी सांगितलं पण नसेल कुठनं आली ते. भांडून साडेतीन हजार परत घेतले, स्टेअरिंग त्याच्या काउंटरवर ठेवलं. पण त्याआधी पानासाहेबांकडं उद्यमबागला गेलो होतो, त्यांनी माझ्यासमोर खोललं. पिवळ्या कपलरात तो दाणा होता, वरनं काळी टेप. केबल मध्यावर नव्हतीच, पट्टीला घडी पडलेली, अजून महिनाभर टिकली नसती म्हणाले. हॉर्न डावीकडं वळताना बंद व्हायचा ते मी ढिल्या वायरवर घालवत होतो.

रिंग जुनी मिळाली त्याच मॉडेलची, ती शहापूरला शिवून घेतली, साधी काळी. डबा आणि केबल कंपनीतनं नवी मागवली, दहा दिवस लागले यायला. बायकोला आकडा सांगितला नाही अजून. काकांनी सांगितल्यासारखं कंपनीला मेल टाकला होता आधीच, त्यांनी फोटो मागितले, बसवल्यावर पाठवले, "नोंद घेतली" असा दोन ओळींचा मेल आला. झिरो डेप घेतलं ह्या वेळी. एजंट रुसलाय.

क्लेम_काका:

उत्तम. तो मेल प्रिंट काढून पॉलिसीला टाचून ठेवा. बिलावर चासी नंबर टाकलाय का त्यांनी? डब्याचा आणि केबलचा पार्ट नंबर वेगवेगळा हवा, बऱ्याचदा "स्टेअरिंग काम" म्हणून एकच ओळ मारतात.

निपाणी_पांढरी_गाडी:

एकच ओळ मारली होती काका. उद्या परत जातो, गाडी घेऊनच.